आवडला नाही म्हणू का? नव्या अल्बमबद्दल तुमचे प्रश्न

या महिन्यात पत्रांचा नुसता ढीग आलाय आणि निम्म्याच्या वर पत्रं एकाच गोष्टीवर, नवा अल्बम आला की मित्रांत, घरात, ग्रुपवर जी मतं दिली जातात आणि त्यावरून जी तोंडं फिरतात त्याबद्दल. म्हटलं यावेळी बाकीचे प्रश्न (पेटीची पट्टी, पोराला तबल्याला कधी घालायचं वगैरे) पुढच्या अंकात घेऊया आणि पूर्ण सदर यालाच देऊया. नावं कुणाचीच छापत नाही, फक्त गाव.

देवगडहून एक वाचक: ताई, आमची हापूसची बाग आहे. एप्रिल-मे मध्ये रात्री उशिरापर्यंत पॅकिंग चालतं, आम्ही सात-आठ पोरं पेट्या भरतो आणि ब्लूटूथ स्पीकर चालू असतो. गेल्या सीझनला आमच्या आवडत्या गायकाचा नवा अल्बम गुरुवारी रात्री बाराला आला, लगेच लावला, आणि एक वाजायच्या आत सगळ्यांनी ठरवून टाकलं की संपला हा, पहिल्यासारखं काय राहिलं नाय. मला चौथं आणि सातवं गाणं आवडलं होतं, तसं बोललो तर "तुका गाण्यातला काय कळता" म्हणून गप्प केलं. आठ दिवसांनी तीच पोरं गवत पसरता पसरता चौथं गाणं गुणगुणत होती. मग खरं कोणाचं? आणि अशा वेळी बोलायचं कसं?

भाऊ, त्या रात्री शेडमध्ये स्पीकरवर नवा अल्बम होता पण पोरांच्या कानात जुनाच वाजत होता असं मला वाटतं. जुना अल्बम त्यांनी शंभरदा ऐकलेला, त्याच्या बरोबर कॉलेज आहे, पहिली बाईक आहे, कुणाची तरी आठवण आहे, आणि त्याच्यासमोर एका रात्रीचं पोर उभं केलं तर ते हरणारच ना.

रॉबर्ट झायोन्स नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९६८ साली दाखवून दिलं होतं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी माणसाला ती जास्त आवडायला लागते, आणि त्यासाठी त्यांनी लोकांना अर्थ न कळणारे शब्द, चिनी अक्षरांसारखी चिन्हं, अनोळखी चेहऱ्यांचे फोटो असलं काय काय दाखवलं होतं. आता हे दोन्हीकडून लागू होतं हां. म्हणजे पहिल्या रात्री "बेकार" म्हणणं जसं घाईचं, तसं आठ दिवसांनी तोंडात बसलं म्हणून "भारी" म्हणणं पण पुरेसं नाही, कारण सारखं कानावर पडलं तर जाहिरातीची ट्यून पण तोंडात बसते. म्हणून तुमचे मित्र गुणगुणायला लागले एवढ्यावरून तुम्ही जिंकलात असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी एका तासात निकाल लावला तो मात्र चूकच.

रत्नागिरीत माझ्या वडलांचं कॅसेटचं दुकान होतं. पावसाळ्यात कॅसेटच्या टेपला पांढरी बुरशी धरायची म्हणून बाबा कपाटाच्या तळाला चाळीसचा बल्ब रात्रंदिवस पेटता ठेवायचे, आणि दार उघडलं की गरम प्लास्टिकचा एक वास यायचा, अजून आठवतो. तर तिथे लोक शनिवारी नवी कॅसेट न्यायचे आणि मंगळवार-बुधवारी परत येऊन मत सांगायचे. मधले तीन-चार दिवस गाणं घरात फिरलेलं असायचं, बायकोने ऐकलेलं, शेजाऱ्याने ऐकलेलं, साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं, मधलं गाणं नको असेल तर फॉरवर्ड करत बसा आणि नेमकं पुढे जाऊन थांबा, त्यापेक्षा ऐकून टाकलेलं बरं. एक गृहस्थ दर वेळी यायचे आणि आधी बी साइडबद्दल बोलायचे, कारण त्यांच्या मते पहिल्या बाजूला कंपनी खपणारी गाणी टाकते आणि गायकाला मनापासून काय गायचंय ते मागे सापडतं. तेव्हा मला ते विचित्र वाटायचं. आता मी स्वतः तसंच ऐकते, शेवटची तीन गाणी नीट ऐकल्याशिवाय तोंड उघडत नाही.

तुमच्या गुरुवारच्या रात्रीचं कारण सांगते. आधी प्रत्येक देशात रिलीजचा वार वेगळा होता, इंग्लंडात सोमवार, अमेरिकेत मंगळवार असं. १० जुलै २०१५ पासून जगभर शुक्रवार ठरला. म्हणून गुरुवारी रात्री बाराला सगळे एकदम ऐकतात आणि सगळे एकदम बोलतात, आणि जो एक वाजता बोलतो त्याचं मत बाकीच्यांना चिकटतं. तुम्ही असं करा, पहिल्यांदा पेट्या भरताना ऐका, काही हरकत नाही, पण दुसऱ्यांदा एकट्याने हेडफोन लावून, आणि तिसऱ्यांदा दोन-तीन दिवस मध्ये जाऊ दिल्यावर. एका छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर खालचे सूर नीट येतच नाहीत आणि डावा-उजवा आवाज एकाच डब्यातून निघतो, त्यामुळे "म्युझिक पोकळ वाटतंय" ही तक्रार कित्येकदा त्या डब्याची असते, अल्बमची नसते.

आणि बोलायचं कसं विचारलंत तर जागा दाखवून बोला. "चौथं गाणं भारी आहे" म्हटलंत की समोरचा "नाय" म्हणणार आणि तिथेच विषय संपणार. "दुसऱ्या कडव्याच्या आधी सगळी वाद्यं थांबतात आणि नुसता त्याचा आवाज राहतो तेव्हा माझ्या अंगावर काटा आला" असं काहीतरी बोललात तर तो निदान ती जागा परत लावून बघेल. ऐकल्यावरही त्याला नाही आवडली तर नाही आवडली, पण मग तुम्ही दोघं एकाच गाण्याबद्दल बोलत असाल.

ठाण्यात नोकरी, गाव रत्नागिरीजवळ: दर पंधरा दिवसांनी रेल्वेने गावी येतो. प्रवासात पूर्ण अल्बम ऐकायची सवय आहे. मुलगा म्हणतो बाबा आता कोणी क्रमाने ऐकत नाही, शफल लावा. शिवाय बोगद्यात नेट जातं आणि गाणं अडकतं. मी जुन्या वळणाचा झालोय का?

अजिबात नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये अडेलचा नवा अल्बम आला तेव्हा तिने स्पॉटिफायला सांगितलं की अल्बमच्या पानावर शफल आपोआप लागायला नको, आम्ही क्रम विचार करून लावलेला असतो, आणि त्यांनी ते ऐकलं. एवढी मोठी गायिका क्रमासाठी भांडते म्हणजे त्यात काहीतरी असणारच, मुलाला सांगा.

बोगद्याचं म्हणाल तर रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, तिथे कुठून येणार नेट. घरून निघतानाच वायफायवर अल्बम डाऊनलोड करून ठेवा. मला स्वतःला त्या बोगद्यात ऐकायला फार आवडतं, बाहेर बघण्यासारखं काही नसतं, गाडीचा आवाज दाटून येतो आणि चांगले कानात घट्ट बसणारे इयरफोन असतील तर गाणं एकदम जवळ आल्यासारखं होतं. फक्त त्या आवाजावर मात करायला व्हॉल्यूम चढवू नका, बोगदा संपला तरी तो तसाच राहतो आणि कानांची वाट लागते. आणखी एक, दोन अल्बमची तुलना करताना दोन्हीचा आवाज सारखा ठेवा, कारण जे मोठ्याने वाजतं ते कानाला आपोआप चांगलं वाटतं आणि आपल्याला ते कळतही नाही.

चिपळूणहून, अकरावीतली एक मैत्रीण: ताई मी के-पॉप (कोरियन पॉप) ऐकते. आमचा मुलींचा ग्रुप आहे. नवीन अल्बम आला की सगळ्यांनी रात्रभर स्ट्रीम करायचं ठरतं, फोन म्यूट करून झोपायचं. यावेळच्या अल्बममधली दोन गाणी मला खरंच नाही आवडली, मी तसं लिहिलं तर मला फेक फॅन म्हणाल्या, दोघी बोलत नाहीत. आणि आई म्हणते भाषा कळत नाही तर मत कसलं देतेस. मी काय करू?

अगं बाळा, आधी हे ऐक की तू काही चुकीचं केलेलं नाहीस. ज्याच्यावर जीव असतो त्याचंच कमीजास्त आपल्याला दिसतं, परक्याच्या गाण्यातलं एक कडवं जमलं नाही तर आपण लक्ष तरी देतो का? तुला ती दोन गाणी खटकली म्हणजे तू ती कान देऊन ऐकलीस, आणि म्यूट करून झोपलेल्या पोरींनी तो अल्बम त्या रात्री ऐकलेलाच नाही.

हे रात्रभर वाजवण्याचं खूळ कुठून आलं तर आकड्यांमधून. २०१४ च्या डिसेंबरात बिलबोर्ड या अमेरिकेतल्या मासिकाने आपल्या खपाच्या अल्बमच्या यादीत स्ट्रीमिंग धरायला सुरुवात केली तेव्हा हिशोब असा होता की त्या अल्बमची गाणी १५०० वेळा वाजली की एक अल्बम विकला गेला असं समजायचं. नियम पुढे बदलत राहिले पण विचार तोच. आणि स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते एकदा वाजलं म्हणून मोजलं जातं. त्यामुळे फॅन लोकांना वाटतं आपण जितकं वाजवू तितका आपला ग्रुप वर जाईल. तुझ्या मैत्रिणींचा हेतू प्रेमाचाच आहे, त्यांच्यावर रागावू नकोस. पण आकडा वाढवणं हे एक काम आणि गाणं कसं झालंय ते सांगणं हे दुसरं काम, पहिल्यासाठी दुसरं बंद करायचं नसतं. त्या दोघींना एकदा घरी बोलाव, फोन अनम्यूट करा, तिघी मिळून ती दोन गाणी ऐका आणि त्यांना सांग तुला नेमकं कुठे खटकलं, कोरस आधीच्या गाण्यासारखा वाटतो का, रॅपचा तुकडा मध्येच चिकटवल्यासारखा वाटतो का, जे असेल ते. आणि त्यांना त्यातलं काय आवडतं तेही विचार आणि मध्ये न तोडता ऐकून घे. कदाचित तुझंच मत बदलेल, बदललं तर बदललं म्हणून सांगायचं, त्यात काही कमीपणा नाही.

आईच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. शब्दांबद्दल बोलायचं असेल तर भाषांतर वाचून मगच बोल, आणि एकाच ठिकाणचं नाही, दोन-तीन ठिकाणची बघ, फरक असतो. पण आवाज, चाल, ठेका, वाद्यांची मांडणी याला भाषा लागत नाही. आईला विचार की आपल्याकडे घरोघरी शास्त्रीय गाणं ऐकतात त्या बंदिशी ब्रज भाषेतल्या असतात, त्यातले किती शब्द ऐकणाऱ्याला कळतात? तरी माणसं सम आली की मान हलवतातच ना. गोव्याची कांतारां (कोंकणी गाणी) आपल्या सिंधुदुर्गात लोक आवडीने ऐकतात, त्यातलं सगळं कुठे समजतं.

पैशाचं तू विचारलं नाहीस पण सांगते. त्या अल्बमच्या पाकिटात ग्रुपमधल्या कुणाचं फोटोकार्ड निघेल ते आधी कळत नाही म्हणून पोरी एकाच अल्बमच्या चार-चार प्रती मागवतात. एक घे. हवं ते कार्ड मैत्रिणींमध्ये अदलाबदल करून मिळतं.

कुडाळहून एक वाचक: मी डबलबारीचा, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याचा वेडा आहे. आमच्या भागातल्या एका बुवांनी अभंग-गवळणींचा अल्बम केला, यूट्यूबवर आला. बारीला ते गायला बसले की रात्री दोनला पण कोण उठत नाही, पण अल्बम ऐकून माका ता अजिबात आवडूक नाय, जीवच नाही त्यात. बोललो तर गाववाले म्हणतात आपलाच माणूस आहे, वाईट बोलू नको. आपल्या माणसाबद्दल गप्प बसायचं का?

गप्प बसू नका, पण ग्रुपवर पण टाकू नका. बुवांना भेटा. मुंबईच्या मोठ्या गायकाला तुमच्या एका मताने काही फरक पडत नाही, तुमच्या बुवांना पडतो, त्यांनी बहुतेक स्वतःच्या खिशातले पैसे घातलेले असणार. म्हणून आपल्या माणसाबद्दल मत देताना ते अजून नेमकं पाहिजे. "जीव नाही" हे ऐकून बुवांनी करायचं काय?

जीव कुठे गेला ते शोधूया. बारीत काय होतं, समोर दुसरा बुवा बसलाय, त्याला उत्तर द्यायचंय, कोरस मागे तापलेला, झांजा एकमेकींना ओढतायत, गजर हळू हळू चढत जातो आणि लय कधी वाढली ते कुणाला कळतही नाही. स्टुडिओत बहुतेक वेळा कानात क्लिक लावून गायचं असतं, ठोका घड्याळासारखा एकाच जागी, त्यामुळे गजर चढूच शकत नाही. पखवाज एका दिवशी, पेटी दुसऱ्या दिवशी, बुवा तिसऱ्या दिवशी एकटे काचेच्या खोलीत. समोर माणूसच नाही तर ते कोणाला उद्देशून गाणार? आणि पखवाज खरा आहे का ते पण नीट ऐकून बघा. खऱ्या पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापलेली असते, त्याच्यामुळे जो ओला, पोटात उतरणारा घुमारा येतो तो कीबोर्डच्या पखवाजात येत नाही, तिथे प्रत्येक थाप हुबेहूब सारखी वाजते. दोन मिनिटं फक्त डावा हात ऐका, लगेच कळेल.

हे सगळं बुवांना नीट सांगा आणि बरोबर हेही सांगा की अल्बममध्ये काय चांगलं झालंय, कारण बारीच्या गोंगाटात शब्द कितीदा बुडतात, इथे अभंगाचा शब्द न् शब्द ऐकू येत असेल. पुढच्या वेळी देवळात किंवा मांडवात सगळ्यांना एकत्र बसवून, क्लिक न लावता, समोर पंधरा-वीस माणसं बसवून रेकॉर्ड करा म्हणावं. खर्च पण कमी होतो.

गुहागरहून एक आजोबा: हल्ली गाणं सुरू झालं म्हणेपर्यंत संपतं, आणि एका अल्बममध्ये अठरा-वीस गाणी. हे असं का?

आजोबा, गाण्याची लांबी कायम गाणं ज्यात भरायचं त्या डब्याने ठरवलीय. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची म्हणून मोठमोठ्या गवयांनी तीन मिनिटांत राग बसवला. १९४८ मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. १९८२ मध्ये सीडी आली तिच्यावर ७४ मिनिटं. आता डबाच नाही आणि पैसे गाणं किती वेळा वाजलं त्यावर, मग छोटी गाणी आणि भरपूर गाणी परवडतात. मला हे आवडत नाही, अठरातली दहा गाणी काढून टाकली असती तर अल्बम चांगला झाला असता असं मला बऱ्याच वेळा वाटतं. तुमच्याकडे एलपी असतील तर एक गंमत बघा, बाजूच्या शेवटी बऱ्याचदा शांत गाणं असतं, कारण सुई आतल्या बाजूला गेली की खाचेचे फेरे आखूड होत जातात आणि मोठा आवाज तिथे फाटतो.

राजापूरहून, वाचनालयात काम करणाऱ्या एक ताई: आमच्याकडे महिन्यातून एकदा पुस्तकावर चर्चा होते. तशीच नव्या अल्बमवर करावी असं काही तरुण मुलं म्हणतायत. कशी करावी? भांडणं तर होणार नाहीत?

किती छान, जरूर करा, आणि भांडणं झाली तर होऊ देत, थोडी व्हायलाच हवीत. अल्बम निदान दोन आठवड्यांपूर्वी आलेला घ्या म्हणजे सगळ्यांनी घरी ऐकलेला असेल. तिथे परत पूर्ण लावा, मध्ये बोलायचं नाही, फोन एका टोपलीत. मोबाईलच्या स्पीकरवर नको, गणपतीच्या मंडळाकडे बरे दोन स्पीकर असतात ते मागून आणा आणि तारेने जोडा. निम्मा झाला की चहा, तेव्हाही अल्बमवर बोलायचं नाही, पावसावर बोला.

संपल्यावर आधी प्रत्येकाला एका कागदावर दोनच गोष्टी लिहायला सांगा, मनात राहिलेली एक जागा आणि खटकलेली एक जागा. लिहून झाल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही, कारण एकदा का एखादा मोठ्या आवाजाचा माणूस बोलला की बाकीचे त्याच्या मागे जातात, देवगडच्या शेडमध्ये झालं ना तसंच. मग सगळ्यात लहान मुलापासून सुरुवात करा, मोठी माणसं शेवटी. कुणी म्हणालं "सेकंड लास्ट गाण्यात बासरी चुकीच्या जागी आहे" तर ती जागा लगेच परत लावा आणि सगळ्यांनी ऐका, यातच अर्धी मजा आहे. ज्याला काहीच आवडलं नाही त्याला पण पूर्ण बोलू द्या.

कागद टाकू नका, वहीत चिकटवून ठेवा. वर्षभराने तोच अल्बम लावा आणि तेच कागद वाचा. पहिल्या बैठकीला कुठला अल्बम घेताय ते मला कळवा, जमलं तर मी एसटीने येईन.